खिशात ठेवलेला कान

मित्रांनो, मी एक जुनं श्रवणयंत्र आहे. आकार वाटाण्याच्या शेंगेएवढा आणि रंग कातडीचा, म्हणजे कुणाच्या चटकन नजरेत येऊ नये असा. कानामागे बसायचं, पारदर्शक नळीतून आवाज कानात सोडायचा आणि आपण तिथे आहोत हे शक्यतो कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं. सध्या माझा मुक्काम एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, टेबलाच्या डावीकडच्या खणात असतो. शेजारी तुटके पट्टे, ओरखडे पडलेल्या काचा आणि कुणाचेच नसलेले दोन-चार काटे आहेत. खण दिवसातून एखाददुसऱ्या वेळी उघडतो, तेवढाच काय तो उजेड.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका तिथे भिंगातून बघत बघत केसाएवढ्या तारा जोडत असत. ज्या बाईंनी माझा माइक बसवला, त्यांनी मला पहिल्यांदा चालू केलं, ओठांजवळ धरलं आणि हळूच विचारलं, "येतंय का रे ऐकू, बाळा?" मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. माणसाचा आवाज इतका गोड असतो, हे मला तेव्हाच कळलं. मग एका डबीत बसून मी बराच लांबचा प्रवास केला आणि कान तपासणाऱ्या डॉक्टरबाईंच्या कपाटात येऊन पडलो.

तिथेच मला ती भेटली. सहा-साडेसहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता. त्या तापानं तिचा डावा कान पूर्ण नेला आणि उजव्यात थोडंसं ठेवलं. कुणी हाक मारली आहे असं नुसतं वाटलं तरी ती जागच्या जागी गर्रकन फिरून चारी बाजूंना बघायची, म्हणून तिच्या बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं भिंगरी. खरं नाव शाळेच्या पटावर, बाकी सगळ्या जगाला ती भिंगरीच.

डॉक्टरबाईंनी मला तिच्या उजव्या कानामागे बसवलं आणि माझं आवाजाचं चाक हळूहळू फिरवलं. तिनं डोळे एवढे मोठे केले की बाबा घाबरलेच. तिथून दोघं तडक बाबांच्या दुकानात आले. हो, हेच दुकान. भिंतीवर तेव्हा तीस-चाळीस घड्याळं होती. भिंगरी उंबऱ्यातच थबकली आणि बाबांच्या पायाला बिलगली.

"बाबा, हे सगळे कोण बोलतायत?"

घड्याळांना आवाज असतो हे दोन वर्षांत ती पार विसरून गेली होती. बाबांनी तिला उचलून घेतलं आणि एकेका घड्याळापाशी नेलं. "हे बडबडं आहे. हे जरा आळशी. हे बघ, हे तर रुसलंय, बोलतच नाही." त्या दिवशी दुकानात एकाही गिऱ्हाइकाचं काम झालं नाही.

पुढची पाच-सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी होती. आईनं माझ्यासाठी मऊ कापडाची इवलीशी पिशवी शिवली. दर रविवारी बाबा घड्याळाच्या बारीक ब्रशनं मला साफ करत, बटनाएवढी बॅटरी बदलत आणि स्वतःच्या कानाशी धरून बघत. शाळेत भिंगरी पहिल्या बाकावर बसायची. बाईंनी फळ्याकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली की ती बिनधास्त हात वर करायची, "बाई, इकडे तोंड करा ना!" आणि बाई हसून वळायच्या. पाहुणे आले की आई माझं कौतुक करायची. वर्गातली मुलं मला हात लावून बघायला रांग लावायची. मीही थोडा शेफारलोच होतो.

मग ती बारा वर्षांची असताना माझ्याकडून एक चूक झाली. वार्षिक परीक्षा चालू होती. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. माझ्या नळीच्या टोकाचा, भिंगरीच्या कानात बसणारा साचा जरासा सैल झाला आणि मी शिट्टी मारली. माझ्यासारख्या यंत्रांचा हा जन्मजात दोष आहे; कानात नीट बसलो नाही की आमचा आमच्यावर ताबा राहत नाही. लांबलचक, बारीक शिट्टी. पर्यवेक्षकांना वाटलं कुणीतरी फोन आणलाय. त्यांनी सगळ्यांची दप्तरं तपासली आणि शेवटी आवाजाचा माग काढत ते भिंगरीच्या बाकाशी आले. सगळा वर्ग मान वळवून बघत होता. दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नवं नाव पडलं: 'कुकर'. ती दिसली की पोरं ओठांचा चंबू करून शिट्ट्या मारायची, आणि त्या शिट्ट्या तिच्या कानात पोचवायचं काम कुणाचं? माझंच.

त्या वर्षी तिनं केस वाढवायला घेतले आणि कानांवरून मोकळे सोडायला सुरुवात केली. "इकडे तोंड करा ना" म्हणणं बंद झालं. काही कळलं नाही तर ती हसायची आणि मान हलवायची. लोकांना हसरी, गुणी मुलगी फार आवडते. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अभ्यासात मात्र ती हुशार होती, आणि झाडापानांचं तिला वेड होतं. सतराव्या वर्षी तिला दूरच्या एका मोठ्या कॉलेजातून पत्र आलं. वनस्पतीशास्त्रासाठी तिची निवड झाली होती. प्रवेश पक्का करण्याआधी एक दिवस येऊन कॉलेज बघून जा, असं पत्रात लिहिलं होतं. घरात आनंदीआनंद झाला. आईनं ते पत्र शेजारपाजारच्या पाच घरांत फिरवून आणलं.

भिंगरीच्या शाळेतल्या बाई मुद्दाम दुकानात आल्या. खुर्चीवर बसून, भिंगरीकडे नीट तोंड करून म्हणाल्या, "हे बघ, नुसत्या इमारती बघून येऊ नकोस. इमारती सगळीकडे सारख्याच. वर्गात शेवटच्या बाकावर बसून बघ. वसतिगृहातला नळ सोडून बघ. वाचनालयात बसायला जागा मिळते का ते बघ. फिरवून दाखवणारी मुलं चांगलंच सांगणार, म्हणून जेवणघरात शेजारी बसलेल्या कुणाशी तरी बोल. आणि सगळ्यांत आधी तुझ्या कानाचं विचार. वर्गात ऐकू आलं नाही तर काय सोय आहे, ते स्पष्ट विचार."

बाबांनी हे सगळं एका छोट्या वहीत लिहून घेतलं. नऊ प्रश्न झाले. कानाचा प्रश्न पहिला. बाबांचं अक्षर घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखं आहे, बारीक आणि सरळ.

जायच्या दिवशी सकाळी बाबांनी मला नवी बॅटरी घातली. बसचा प्रवास चार तासांचा होता. निम्मा रस्ता झाल्यावर भिंगरीनं बाबांच्या बाहीला हात लावला.

"बाबा, तिथे माझ्या कानाचं तुम्ही कुणाशी बोलायचं नाही."

"का गं?"

"मी विचारीन. माझं मी. मी काय आता लहान आहे?"

"बरं बाई. तू विचार."

"शब्द द्या."

"दिला," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कॉलेजचं फाटक उंच होतं. आत दोन्ही बाजूंना झाडं, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याला नावाची पाटी. भिंगरीनं पहिल्या तीन पाट्या वाचल्या आणि तिचा श्वास भरभर चालायला लागला. मी कानामागेच असतो, मला ते कळतं. मग नावनोंदणीची रांग लागली. तिच्या पुढे दोन मुली होत्या. छान कपडे, मोकळं बोलणं. त्यातल्या एकीनं सहज मागे वळून बघितलं, दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघी हसल्या. मित्रांनो, मी ते ऐकलं होतं. ती म्हणाली होती, "माझ्या बुटाची नाडी तुटलीय गं, कुणाला सांगू नकोस." भिंगरीच्या कमजोर कानाला फक्त कुजबूज आणि हसू पोचलं. तिचा हात केसांकडे गेला.

"बाबा, मी हात धुऊन येते," ती म्हणाली.

स्वच्छतागृहात आरसा होता. तिनं आधी दार लावलं, मग मला कानामागून काढलं. मी शिट्टी मारू नये म्हणून माझं चाक पार खाली नेलं, मला कापडी पिशवीत घातलं आणि जॅकेटच्या खिशात ठेवून चेन ओढली. आरशात बघून केस मागे घेतले. बारा वर्षांची असल्यापासून पहिल्यांदाच तिनं दोन्ही कान उघडे ठेवले होते.

फक्त एक गोष्ट तिच्याकडून राहिली. मला पूर्ण बंद करायचं तर बॅटरीचं छोटं दार उघडावं लागतं. घाईत तिनं ते उघडलं नाही. त्यामुळे मी खिशात जागा होतो. माझा माइक चालू होता. आवाज बाहेर सोडणारं तोंड मात्र मिटलेलं. त्या दिवशी तिथे जे जे बोललं गेलं, ते मी ऐकलं आणि तिनं ऐकलं नाही.

पालकांना एका मोठ्या सभागृहात नेलं. मुलांचे गट पाडले. भिंगरीच्या गटाला फिरवायला तिसऱ्या वर्षाची एक ताई होती. स्वभावानं मोकळी, बोलायला घाईची. चालता चालता ती उलटी वळून बोलायची, तेव्हा भिंगरीला तिचे ओठ दिसायचे आणि थोडंफार समजायचं. पण हात करून काही दाखवायचं म्हटलं की ताईची पाठ व्हायची, आणि नेमकं महत्त्वाचं ती हात करूनच सांगायची.

मोठ्या व्याख्यानगृहात ती म्हणाली, "इथे मागच्या रांगांत आवाज घुमतो हं. मी पहिलं वर्षभर मागे बसले आणि पस्तावले." सगळे हसले. भिंगरीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. बाईंनी सांगितलं होतं म्हणून ती शेवटच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा. पण कान खिशात ठेवून शेवटच्या बाकावर बसलं काय आणि फाटकाबाहेर बसलं काय, सारखंच.

मग आम्ही एका जिन्यापाशी आलो. ताई थांबली. जिन्याखालच्या हिरव्या दाराकडे हात करून म्हणाली, "हा मदत कक्ष. कुणाला ऐकायला, बघायला, चालायला अडचण असेल तर इथल्या मॅडमना भेटायचं. शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा छोटा माइक मिळतो, त्यांचं बोलणं थेट कानातल्या यंत्रात येतं. लेखी टिपणंही मिळतात. पण माइक मोजकेच असतात, आणि आजच्या नावांवरूनच ते मागवतात. तेव्हा असेल कुणी तर आत्ताच नाव देऊन या, मी थांबते. आहे का कुणी?"

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक बारीक बटन आहे. ते कधीच कुणी वापरलं नव्हतं आणि मलाही ते कशासाठी आहे हे माहीत नव्हतं. त्या क्षणी मला कळलं. ते अशाच माइकसाठी होतं. मला घडवणाऱ्या त्या हातमोजेवाल्या बायकांनी ते याच दिवसासाठी बसवलं होतं. मी खिशात होतो आणि चाक शून्यावर होतं. एरवी नको तेव्हा शिट्टी मारणारा मी, त्या वेळी मला साधं चूंसुद्धा करता येईना.

सगळे एकमेकांकडे बघत होते, म्हणून भिंगरीही बघायला लागली. ताईला वाटलं हिला काहीतरी विचारायचंय. "काय गं, तुला काही सांगायचंय?"

हे मात्र समोरून होतं. भिंगरीनं ओठ वाचले. बाबांची वही तिच्या हातातच होती.

"नाही," ती म्हणाली. "छान आहे सगळं."

गट पुढे निघाला. हिरवं दार मागे राहिलं.

वसतिगृहात एका मुलीनं तिला विचारलं, "तुला खिडकीकडची खाट आवडेल की दाराकडची?" भिंगरी म्हणाली, "हो." त्या मुलीला गंमत वाटली. जेवणघरात शेजारच्या मुलानं आपणहून सांगितलं की तोंडी परीक्षेचं इथे फार महत्त्व असतं, आधीपासून तयारी कर. भिंगरीनं मान हलवली आणि "थँक्यू" म्हटलं. माणसं तिच्याशी चांगलीच वागत होती. कुणी दार लावून घेतलं नव्हतं. दारं सगळी उघडीच होती, तिला ती दिसत नव्हती एवढंच.

शेवटी पानांचा संग्रह दाखवायला नेलं. उंच कपाटं, आणि कपाटांत कागदांवर चिकटवलेली शेकडो वाळलेली पानं, फुलं, मुळं. तिथले जुने काका फारसे बोलत नव्हते. एकेक कागद अलगद उचलून समोर धरायचे. इथे ऐकायची गरजच नव्हती. भिंगरी एका नेच्यापुढे किती वेळ उभी राहिली! पानाच्या मागचे ठिपके तिनं वाकून मोजले. दिवसभरात पहिल्यांदा ती खरी हसली, आणि ते हसणं कुणाच्या मागून आलेलं नव्हतं.

मागे जमिनीवर काकांनी नुकतेच काही कागद पसरले होते. त्यांवरची पानं अजून पुरती चिकटलेली नव्हती. भिंगरी एक पाऊल मागे सरली.

"पोरी, मागे येऊ नकोस," काका म्हणाले.

ती आणखी एक पाऊल सरली.

"अगं थांब! थांब म्हणतोय ना!"

तिसऱ्या पावलाला चुरचुर आवाज झाला. खिशातून मलाही तो ऐकू आला. काका धावत आले. तिच्या बुटाखाली एका डोंगरी रोपाचा चुरा झाला होता. ते रोप गोळा करायला काका स्वतः गेले होते, हे मागाहून त्यांच्या पुटपुटण्यावरून मला समजलं. त्यांनी तिच्या तोंडासमोर येऊन विचारलं, "ऐकू येत नाही का तुला?"

जगात कुणाच्याही ओठांवर आलं तरी भिंगरीला हमखास वाचता येतं असं एकच वाक्य आहे, आणि ते हे. सगळा गट बघत होता. 'नाही, येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. काका विरघळले असते, ताई धावली असती, हिरवं दार अजून उघडं होतं. तिच्या छातीचे ठोके मला खिशात जाणवत होते. मी वाट बघितली.

"चुकून झालं," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

बेफिकीर ठरलेलं तिला चालणार होतं. बहिरी ठरलेलं चालणार नव्हतं.

काकांनी मान हलवली आणि गुडघे टेकून चुरा गोळा करायला लागले. ती मदतीला वाकली, तर त्यांनी हातानंच 'राहू दे' म्हटलं.

परत निघण्याआधी तिनं स्वच्छतागृहात जाऊन मला पुन्हा कानामागे चढवलं आणि केस पुढे ओढले. बाबा फाटकाशी उभे होते. बसमध्ये बसल्यावर त्यांनी वही उघडली, खिशातून पेन काढलं.

"हं. पहिला प्रश्न. कानाचं काय म्हणाले?"

"विचारलं बाबा. काही अडचण नाही म्हणाले."

"पण सोय काय आहे?"

"पुढे बसायला देतात."

बाबांनी बरोबरची खूण केली. "नळाला पाणी?" "येतं." "तोंडी परीक्षा वगैरे?" "नसते बहुतेक." नऊच्या नऊ प्रश्नांपुढे खुणा झाल्या. मी तिच्या कानामागे होतो, चाक वर होतं, आणि माझ्यातून बाबांचा समाधानाचा सुस्कारा तिच्या कानात गेला. तिनं डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. ती झोपली नव्हती, हे मला ठाऊक होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला फार त्रास होतो. भिंगरी त्या कॉलेजात गेली. व्याख्यानगृहात मी जिवाचं रान केलं. पण माझा माइक साधा आहे. त्याला शिक्षक कोण आणि पंखा कोण, हे कळत नाही. खुर्च्यांची करकर, पानांची सळसळ, खोकले, सगळं एकत्र करून मी तिच्या कानात ओतायचो. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायचं. वहीत तिनं अर्धीअर्धी वाक्यं लिहिलेली असायची. तिसऱ्या महिन्यात तिला एकदाचं ते हिरवं दार दिसलं. त्यावरची पाटी तिनं दोनदा वाचली आणि आत गेली.

मदत कक्षातल्या मॅडम फार चांगल्या होत्या. त्यांनी तोंड समोर ठेवून सावकाश सांगितलं, "माइक संपलेत गं. यादी भेटीच्या दिवशीच होते. पुढच्या वर्षी नक्की देते. टिपणं मिळतील का ते शिक्षकांना विचारते." मग जराशानं त्यांनी विचारलं, "तू त्या दिवशी आली नव्हतीस का?"

"आले होते," भिंगरी म्हणाली.

मॅडमनी पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव लिहून घेतलं.

टिपणं मिळाली, पण उशिरा आणि तुटक. तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या परीक्षकांना भरघोस मिशा होत्या. ओठ दिसेचनात. त्यांनी विचारलं एक, तिनं उत्तर दिलं दुसऱ्याचंच. असं तीनदा झालं. ते रागावले नाहीत. "अभ्यास करून या," एवढंच म्हणाले. अभ्यास तर तिचा झाला होता. सगळी उत्तरं तिला येत होती. प्रश्न कुठले आहेत तेवढं कळत नव्हतं.

वर्ष संपायच्या आत ती सामान बांधून घरी आली. तिला कुणी बोल लावला नाही. आईनं तिच्या केसांना तेल लावलं. बाबांनी दुकानात आपल्या शेजारी दुसरं स्टूल ठेवलं. महिन्याभरात ती घड्याळाचा पट्टा बदलायला शिकली, वर्षभरात आख्खं घड्याळ खोलून पुन्हा जोडायला. हात तिचा बाबांसारखाच स्थिर आहे. लोक म्हणायचे, पोरगी कामाला लागली, बरं झालं.

अशीच एक दुपार होती. एक गृहस्थ घड्याळ न्यायला आले. बोलता बोलता म्हणाले, "उद्या मुलीला घेऊन कॉलेज बघायला चाललोय. तुम्ही जाऊन आलात ना हिच्या वेळी? काय काय बघायचं असतं हो तिथे?"

बाबांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलंच नाही. खाली मान घालून ते एकच स्क्रू फिरवत राहिले. शेवटी भिंगरीच बोलली.

"काका, तिला कशाची तरी भीती वाटत असेल. ती तुम्हाला सांगणार नाही. पण आज घरी गेल्यावर विचारा. रागावू नका, नुसतं विचारा. आणि उद्या तिथे गेलात की दोघांनी मिळून त्याचंच आधी बघा. बाकीचं दिसतंच."

गृहस्थांना हे थोडं विचित्र वाटलं असावं. त्यांनी घड्याळ मनगटावर बांधलं, मान हलवली आणि ते गेले. मग बाबांनी भिंग काढलं. त्यांच्या डोळ्याभोवती त्याची गोल खूण उमटली होती.

"एक सांगू का गं तुला? त्या दिवशी पालकांच्या सभागृहात एक मॅडम आल्या होत्या. म्हणाल्या, कुणाच्या मुलाला ऐकायला-बघायला अडचण असेल तर हात वर करा, नाव लिहून घेते."

भिंगरीच्या हातातला चिमटा थांबला.

"मी अर्धा वर केला होता हात," बाबा म्हणाले. "इतका, खांद्यापर्यंत. मग मला आठवलं, तुला शब्द दिलाय. खाली घेतला. शेजारच्याला वाटलं असेल, खांदा खाजवतोय."

"कधी बोलला नाहीत."

"काय तोंडानं बोलू? मला वाटलं, तू मोठी झालीस."

"मीपण तेच दाखवत होते, बाबा."

भिंगरीनं चिमटा खाली ठेवला, त्यांच्या स्टुलाकडे सरकली आणि म्हणाली, "मोडला असतात ना तो शब्द, तर बरं झालं असतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. हरवलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं ती म्हणाली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला थोडा लागला, त्यामुळे मी बारीकशी शिट्टी मारली. दोघांपैकी कुणीच मला नीट बसवलं नाही. आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो.

त्यानंतर मी फार दिवस टिकलो नाही. घामानं माझे सांधे हिरवे पडले, आवाजात खरखर आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, याचे भाग आता मिळत नाहीत. भिंगरीला नवं यंत्र मिळालं. ते निळ्या रंगाचं आहे, लांबूनही दिसतं, आणि तिनं ते स्वतः निवडलं. केस ती आता वर बांधते. पण कॉलेजात ती पुन्हा गेली नाही. आईनं एकदोनदा विषय काढून बघितला. "बघू," ती म्हणाली, आणि ते तिथेच राहिलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. यंत्र जुनं झालं की दुसरं मिळतं. सांगायचं ते वेगळंच आहे. एक दिवस तुम्हीही एखादं मोठं कॉलेज बघायला जाल. झाडं बघा, वाचनालय बघा, नळ जरूर सोडून बघा. पण जो प्रश्न विचारायची तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती वाटते, तो पहिल्या माणसाला, पहिल्या पाच मिनिटांत विचारून टाका. उत्तर समजलं नाही तर 'समजलं नाही' म्हणा, पुन्हा सांगा म्हणा. समोरचा वैतागला तरी तो वैताग संध्याकाळपर्यंत विरून जातो. तुमच्याबरोबर आई किंवा बाबा असतील, तर त्यांच्या तोंडाला कुलूप घालू नका.

त्या हिरव्या दारापाशी सगळं ऐकूनही मला गप्प राहावं लागलं, कारण मला बोलताच येत नव्हतं. तुम्हाला येतं. तेव्हा बोला.